थिअरी चुकली तरी औषध लागू पडतं

आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस हा सांध्यांचा आजार नेमका का होतो याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाहीये, आणि म्हणूनच बरेच पेशंट म्हणतात की डॉक्टरांना कारणच माहीत नाही तर त्यांच्या गोळ्या कशाला घ्यायच्या? शंका अगदी रास्त आहे, पण कारण कळणं आणि औषधाचा उपयोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समजूत होती की दातात नाहीतर टॉन्सिलमध्ये दडलेलं इन्फेक्शन सांधे बिघडवतं, त्यापायी कितीतरी लोकांचे धडधाकट दात उपटले गेले आणि सांधे होते तसेच राहिले (हिरड्यांच्या जंतूंचा संबंध आज परत तपासला जातोय, पण म्हणून कोणी दात काढत नाही). मग 1929 मध्ये फ्रान्सचे जाक फोरेस्तिए सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं द्यायला लागले, का तर हा आजार टीबीसारखा असावा आणि टीबीवर सोनं चालतं असं तेव्हा वाटायचं. दोन्ही चूक! तरी पुढे रीतसर ट्रायल झाल्या त्यात सोन्याचा फायदा दिसलाच.

आमवातावर आज नेहमी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या गोळीचंही तसंच. ती फॉलिक अॅसिड या जीवनसत्त्वाचं काम अडवते म्हणून गुण येतो असं मानायचे, पण आता सोबत फॉलिक अॅसिडची गोळी देतात तरी गुण येतोच, म्हणजे आत काहीतरी वेगळं घडत असणार. (ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.)

म्हणून मला वाटतं प्रश्न थिअरीला कमी आणि पुराव्याला जास्त विचारावेत. हा आजार आपोआप चढतो-उतरतो, त्यामुळे दुखणं ऐन भरात असताना जे काही घेतलं असेल, काढा असो की पथ्य, उतार पडला की श्रेय त्यालाच जातं, आणि ते तपासायला औषध न घेतलेला गट शेजारी ठेवून तुलना करावीच लागते. आजाराचं कारण कळेपर्यंत थांबून बघू म्हणणं मात्र महागात पडतं कारण हाडांची झीज बऱ्याच जणांत पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होते आणि झिजलेला सांधा परत भरून येत नाही.

विचारायचंच तर हे विचारा: नुसत्या मेथोट्रेक्सेटने भागत नसेल तर लगेच महागडं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) इंजेक्शनच का? 2013 च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या तीन जुन्या गोळ्या एकत्र दिल्या, तर त्या मेथोट्रेक्सेटसोबत दिलेल्या एटानरसेप्ट या बायोलॉजिकपेक्षा कमी पडल्या नाहीत.