कुटुंब व्यसन न्यायालय (इंग्लंड)

आईवडिलांच्या दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या व्यसनापायी मुले काढून घेण्याची वेळ आलेल्या कुटुंबांसाठीची न्यायालयीन पद्धत. मूळ नाव ‘फॅमिली ड्रग अँड अल्कोहोल कोर्ट’, बोलण्यात ‘एफडॅक’. आधी व्यसन सोडवायला मदत करायची, मुलाने कुठे राहायचे ते त्यानंतर ठरवायचे, असा तिचा क्रम आहे.

लंडनचे न्यायाधीश निकोलस क्रायटन यांच्यासमोर त्याच त्या आया पुन्हा पुन्हा येत. एक मूल काढून घेतले की काही काळाने पुढच्या बाळाचे प्रकरण उभे राही. व्यसन मात्र जिथल्या तिथे. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यातले न्यायाधीश लेन एडवर्ड्स यांचे काम पाहून क्रायटन यांनी हा मार्ग इंग्लंडमध्ये आणला. जानेवारी २००८ मध्ये कॅम्डेन, इस्लिंग्टन आणि वेस्टमिन्स्टर या भागांतील कुटुंबांसाठी पहिले न्यायालय सुरू झाले.

एरवी अशा खटल्यात आईच्या वतीने वकीलच बोलतो. इथे दर पंधरवड्याला तेच न्यायाधीश वकिलांविना आईवडिलांशी समोरासमोर बोलतात: चाचणीत काय आले, घरभाडे थकले आहे का, मूल शाळेत रमते का. न्यायालयाला जोडलेल्या पथकात समाजसेवक, व्यसनोपचार कार्यकर्ते आणि मानसोपचारतज्ज्ञ असतात. घरातली मारहाण, नैराश्य, डोक्यावरच्या छपराची चिंता यांकडेही ते पाहतात, कारण नशा बहुधा एकटी येत नाही. यात सहभागी व्हायचे की नाही, हे आईवडील ठरवतात. आपली आठवण ठेवणारा, पंधरा दिवसांपूर्वीचे बोलणे पुढे नेणारा न्यायाधीश समोर असणे, हेच या पद्धतीचे खरे बळ म्हणावे लागेल.

अडचण वेळेची आहे. व्यसनातून सावरताना माणूस घसरतो, पुन्हा उठतो. तान्हे बाळ मात्र तोवर थांबत नाही. २०१४ च्या कायद्याने अशा खटल्यांना साधारण २६ आठवड्यांची मुदत घातली आहे. तेवढ्यात पालक सावरले नाहीत, तर मूल दुसरीकडे सोपवले जाते.

२०२३ च्या मूल्यमापनात या न्यायालयांतील ५२ टक्के मुले खटल्याअखेर मूळ पालकाकडे परतली होती. नेहमीच्या न्यायालयांत हे प्रमाण १२.५ टक्के होते. स्वतःहून पुढे येणारे पालक मुळात अधिक तयारीचे असू शकतात, हे धरूनही हा फरक मोठा आहे. तरी पथकाचा खर्च मुख्यतः स्थानिक प्रशासनांवर पडत असल्याने काही ठिकाणची पथके बंद पडली.