‘बघून शिकणारं’ मूल आणि क्लासची निवड

‘आमचा बघून शिकतो, त्याला व्हिडिओच बरे’, ‘आमची ऐकून शिकते, तिला शिकवणीच हवी’. ऑनलाइन की क्लास हे ठरवताना पालक सर्रास असं म्हणतात. याला आधार नाही. हॅरल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवडनिवड असते, पण आवडीने पाहिलेलं लक्षात राहतंच असं नाही.

राहतं ते स्वतः आठवून काढलेलं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे सरस ठरले.

म्हणून ऑनलाइन की क्लास यापेक्षा मूल स्वतः काय करतं, ते वही उघडून बघा. अपूर्णांकांची बेरीज करताना मुलाने छेदही एकमेकांत मिळवले असतील, तर ते कोणाच्या नजरेला पडतं? खच्चून भरलेल्या वर्गात फळा उतरवून घेणारं मूल असो की व्हिडिओ पुढे ढकलणारं, दोघांचीही चूक तशीच राहते. ‘हे असं का केलंस?’ असं विचारणारे शिक्षक स्क्रीनवर असले तरी चालतील. अगदी लहान मुलाजवळ मात्र कुणीतरी मोठं माणूस बसलेलं हवंच, असं माझं ठाम मत आहे.