बालनेत्र फेलोशिप आणि अधांतरी राहिलेला आरओपी : पार्श्वभूमी

मुलांच्या डोळ्यांची शाखा वेगळी धरण्याची सुरुवात बहुधा १९४३ पासून मोजतात. त्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या एका नेत्रतज्ज्ञाने यापुढे फक्त मुलेच तपासायची असे ठरवले. दशक सरता सरता त्याच्या हाताखाली पहिला फेलो (तज्ज्ञ झाल्यावर एकाच शाखेचे खास प्रशिक्षण घेणारा डॉक्टर) तयार झाला आणि १९७४ मध्ये अमेरिकेत या शाखेची स्वतंत्र संघटना उभी राहिली. त्या पिढीचा मुख्य विषय तिरळेपणा होता. शाखेचे नाव आजही ‘पीडियाट्रिक ऑफ्थॅल्मोलॉजी अँड स्ट्रॅबिस्मस’ असे जोडनाव आहे ते त्यामुळेच. आपल्याकडच्या बऱ्याच फेलोशिपमध्ये त्याला न्यूरोही (डोळ्याच्या नसा आणि मेंदूशी निगडित आजार) जोडलेले असते. पडद्याच्या (रेटिनाच्या) आजारांचा मात्र या नावात कुठेच उल्लेख नाही. त्यातलाच एक आरओपी, म्हणजे ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’, कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा दृष्टी घालवू शकणारा आजार, आणि पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

भारतात बालअंधत्व म्हणजे दीर्घकाळ अ जीवनसत्त्वाच्या अभावाने विरघळलेली बुबुळे असेच समीकरण होते. १९७० मध्ये अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, गोवराची लस गावोगाव पोहोचली, आणि हळूहळू चित्र पालटले. उरलेल्या अंधत्वात जन्मजात मोतीबिंदू, काचबिंदू आणि पडद्याचे आजार यांचा वाटा वाढला. हे आजार घरोघरी डोस देऊन बरे होणारे नाहीत, त्यांना शस्त्रक्रिया करणारे सरावलेले हात लागतात. १९९९ च्या जागतिक मोहिमेने दर एक कोटी लोकसंख्येमागे एक बालनेत्र केंद्र असावे असे म्हटले. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांतल्या फेलोशिपना खरा जोर त्यानंतरच आला.

‘फेलोशिप’ हा शब्द आपल्याकडे सैल वापरला जातो. एमएस किंवा डीएनबीनंतरची दीड-दोन वर्षांची ती फेलोशिप, आणि दोन-तीन महिने तिरळेपणाच्या ओपीडीत बसले तरी तीही फेलोशिपच. रुग्णालयाने दिलेले प्रमाणपत्र ही पदवी नव्हे, त्यामुळे आत काय शिकवायचे हे बहुतेक ठिकाणी ज्याचे त्यानेच ठरवले. तिरळेपणात फारसा फरक पडत नाही. प्रिझम बारने तिरळेपणाचे मोजमाप, स्नायू मागे घेणे, ६-० व्हिक्रिलचा टाका, सुई बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या आवरणात खोल न जाऊ देणे, हे सगळीकडे मन लावून शिकवतात. मोतीबिंदूचेही बरे चालते. तान्ह्या बाळाचे कॅप्सूल (भिंगाभोवतीची पातळ पिशवी) रबरासारखे ताणते आणि ऱ्हेक्सिस (त्यात पाडायचे गोल छिद्र) बाहेर पळते. मागचे कॅप्सूल शाबूत ठेवले तर त्यावर जाळी येणार हे जवळपास ठरलेलेच, म्हणून ते त्याच वेळी उघडून पुढचे व्हिट्रिअसही (डोळ्यातला जेलीसारखा द्रव) काढायचे. छेद लहान असला तरी टाका घालायचाच. हे नियम दोन दशके जुने झाले आहेत.

वाद आहे तो आरओपीचा. तो कुणी पाहायचा, रेटिनाच्या डॉक्टरने की बालनेत्रतज्ज्ञाने?

१९४२ मध्ये बोस्टनमध्ये या आजाराचे पहिले वर्णन झाले, तेव्हा तो श्रीमंत देशांचा आजार होता. आपल्याकडे तो आला तो नवजात विभागांबरोबर. २००५ नंतर जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचे विशेष कक्ष) उभी राहिली, कमी दिवसांची बाळे जगू लागली, पण ऑक्सिजन मोजून-मिसळून देणारे ब्लेंडर आणि सॅच्युरेशनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारा स्टाफ त्याच वेगाने आला नाही. म्हणून पाश्चात्त्य देशांत १,५०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांत जे दिसते ते इथे १,८०० ग्रॅमच्या बाळातही दिसते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यामुळेच सीमा रुंद ठेवली : ३४ आठवड्यांपेक्षा कमी किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी. पहिली तपासणी चार आठवड्यांच्या आत. बाळ २८ आठवड्यांच्या आतले किंवा १,२०० ग्रॅमच्या खालचे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

इतकी बाळे तपासायला रेटिनाचे डॉक्टर पुरणार नव्हते, हे तेव्हाही दिसत होते. तरीही अनेक केंद्रांनी आरओपी रेटिना विभागातच ठेवला, कारण लेझर त्यांच्याकडे, इनडायरेक्टवर (डोक्यावर बांधून पडदा पाहायच्या यंत्रावर) हात त्यांचा. युक्तिवाद खोटा नाही. पण बाळ हाताळण्याची सवय, नवजात विभागाशी रोजचा संबंध आणि पुढे याच मुलाला येणारा मोठा मायनस नंबर, तिरळेपणा, आळशी डोळा हे सगळे बालनेत्र विभागाकडेच येते. पडदा वाचला आणि डोळा आळशी राहिला तर काय मिळवले?

तपासणी वरकरणी पाच मिनिटांची. ट्रॉपिकामाइड-फिनाइलएफ्रिनचे बाजारातले थेंब कृत्रिम अश्रूंमध्ये निम्मे पातळ करून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घालायचे आणि गालावर ओघळलेले लगेच पुसायचे. ते अंगात शोषले गेले तर रक्तदाब चढतो, बाळ श्वास थांबवते. तासभर आधी दूध बंद, शेजारी सिस्टर आणि पल्स ऑक्सिमीटर. बाहुली मोठी होत नसेल तर नवखा फेलो आणखी थेंब मागतो. अनुभवी माणूस तिथेच सावध होतो, कारण न उघडणारी बाहुली ही आजार जोरात असल्याची खूण असू शकते. २८ डायॉप्टरची लेन्स धरून डिस्कची (पडद्यावर नस जिथे दिसते त्या चकतीची) नाकाकडची कड दृश्याच्या एका टोकाला ठेवली, की दुसरे टोक साधारण झोन एकची, म्हणजे पडद्याच्या सर्वांत मधल्या भागाची, हद्द दाखवते. डिप्रेसर (पडद्याची कड दिसावी म्हणून डोळा बाहेरून दाबायची काडी) जोरात दाबला तर नाडी मंदावते, म्हणून एका जागी रेंगाळायचे नाही. हे पुस्तकातून येत नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, महिनोन्महिने, एसएनसीयूत उभे राहूनच येते.

२०१३ मध्ये पालघरहून मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या यादीत आरओपी आला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तपासणीविना दृष्टी गेलेल्या चेन्नईच्या एका मुलीला सुमारे १.८ कोटी रुपये भरपाई मंजूर केली. तेव्हापासून डिस्चार्ज कार्डावर ‘डोळे तपासा’ लिहिण्याची शिस्त वाढली. कर्नाटकात त्याआधीच, २००८ पासून, प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्या-जिल्ह्यांत पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा घेऊन फिरू लागले होते. फोटो दुरून वाचता येतात, उपचाराला मात्र माणूसच लागतो, तोही ४८ ते ७२ तासांत.

डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनने वाद आणखी पेटवला. लेझर म्हणजे पडद्यावर जवळजवळ खेटून ठिपके, शेकड्यांनी. मध्ये पट्टा सुटला तर आजार तिथूनच उसळतो. इंजेक्शन काही मिनिटांचे, त्यामुळे ‘हे आम्हीही देऊ’ असे वाटणे साहजिक. पण मोठ्यांत लिंबसपासून (बुबुळाच्या कडेपासून) साडेतीन-चार मिलिमीटरवर देतात ते बाळात एक-दीड मिलिमीटरवर द्यावे लागते, नाहीतर सुई पडद्यात जाते. शिवाय आजार काही महिन्यांनीही उलटतो, आणि तोवर गावी गेलेले आई-वडील परत येतीलच याचा भरवसा नसतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ‘आक्रमक’ आरओपीच्या नावातला ‘पोस्टेरिअर’ (मागचा) शब्द काढून टाकला, कारण मोठ्या वजनाच्या बाळांत तो मागच्या भागापुरता राहत नाही. आपल्या एसएनसीयूंत हे रोज दिसणारेच होते.

आजही काही बालनेत्र फेलोशिपमध्ये आरओपीची स्वतंत्र पोस्टिंग असते, काहींत फेलो दाराशी उभा राहून पाहतो, काहींत तेही नाही. प्रमाणपत्रावरून हा फरक कळत नाही. लॉगबुकात (फेलोच्या कामाच्या नोंदवहीत) ‘पाहिले’, ‘सहाय्य केले’ आणि ‘स्वतः केले’ असे तीन रकाने वेगळे असतील तर तो कळतो. अर्जदाराने मुलाखतीलाच मागच्या फेलोचे लॉगबुक पाहायला मागावे आणि आरओपीपुढचा तिसरा रकाना वाचावा.