वाईन द्राक्ष बागायतदार

वाईनसाठी द्राक्षे पिकवणारा शेतकरी. ठाणे आणि नवी मुंबईत वाईनचे गिऱ्हाईक आहे, बाग मात्र नाही. इथे वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा दमट असते आणि थंडी नावापुरतीच. वेलीला लागणारा कोरडा हिवाळा कसारा घाट चढून गेल्यावर मिळतो. त्यामुळे हा बागायतदार प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातला, विशेषतः दिंडोरी-निफाडकडचा. पुणे जिल्ह्यात नारायणगाव आणि सांगलीत पलूस परिसरातही अशा बागा झाल्या.

त्याचे वर्ष दोन छाटण्यांवर चालते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून पुढे घड देणाऱ्या काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता घड येण्यासाठीची गोडी छाटणी होते आणि तिथून खरी झोप उडते. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर डाऊनी, ढगाळ हवा राहिली तर भुरी; दोन्ही बुरशीचे रोग. गारपीट झाली तर काही तासांत हंगाम संपतो. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, शक्यतो पहाटेच्या गारव्यात, कारण उन्हात तापलेले, फुटलेले मणी वायनरीत, म्हणजे वाईनच्या कारखान्यात, पोचण्याआधीच आंबू लागतात.

खाण्याच्या द्राक्षापेक्षा ही शेती वेगळी आहे. थॉमसन, सोनाका यांसारख्या बिनबियांच्या जातींचा मणी मोठा व्हावा म्हणून घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों, शेनँ ब्लाँ या जातींचा मणी बारीक, बियांचा, आणि तो तसाच हवा असतो: लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीत व बियांत असतो. साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) चढू देतात. मात्र आम्लता फार उतरण्याआधी तोडणी करावी लागते. वेलीवर माल जास्त ठेवला तर प्रत घसरते, म्हणून वायनऱ्या एकरी उत्पादनालाही मर्यादा घालतात.

नवी मुंबईचा संबंध येतो तो बाजारातून. वाशीचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमधून इथे आला. हंगामात नाशिक-सांगलीची द्राक्षे तिथे उतरतात, आणि निर्यातीचा माल शीतकंटेनरमधून न्हावा शेवा बंदराकडे जातो. खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्याला एका आडत्याचा भाव पटला नाही तर दुसरा गाळा असतो. वाईनच्या बारीक, बियांच्या द्राक्षाला वाशीत गिऱ्हाईक नाही. त्याचा माल करार केलेल्या वायनरीतच जातो. या शेतीतली सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे. पावसापेक्षाही मोठी, कारण तिच्यावर फवारणी नाही.

२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, लागवड झपाट्याने वाढली. २००८-०९ च्या मंदीत वाईनची मागणी घटली. करार असूनही माल उचलला जाईना, पैसे अडकले आणि अनेकांनी उभ्या बागा तोडून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळणे पसंत केले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तोही शेतकऱ्याचे नाव पुढे करून. त्याला तीव्र विरोध झाला. त्या वादात दारूवर बरेच बोलले गेले. ठरलेला भाव वेळेवर मिळण्याची हमी, जी बागायतदाराला सर्वांत आधी हवी असते, तिच्यावर फारच थोडे.