लाँग लीफ: रुळांनी वसवलेलं लाकूड गिरणीचं गाव

अमेरिकेच्या दक्षिणेत एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनचं रान होतं. राळेने भरलेलं, सरळसोट आणि टिकाऊ असं हे लाकूड. पूल, जहाजं, इमारती, सगळीकडे त्याला मागणी होती. पण नदीपासून लांबचे ओंडके हलवायचे कसे? १८७६ मध्ये तिथल्या सरकारी जमिनींच्या विक्रीवरचे निर्बंध उठले, मोठ्या भांडवलदारांनी रानंच्या रानं स्वस्तात घेतली आणि पाठोपाठ रूळ आले. लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया शहराच्या नैऋत्येला, रेल्वेलगत १८९२ मध्ये क्रॉवेल घराण्याची गिरणी उभी राहिली. गावाला नाव मिळालं झाडाचंच, लाँग लीफ.

घरं कंपनीची, किराणा दुकानही कंपनीचं. त्या काळच्या अशा गावांमध्ये काळ्या आणि गोऱ्या कामगारांच्या वस्त्या वेगळ्या असत. तरीही याच राज्यात दोघांना एका संघटनेत आणायचा प्रयत्न झाला. जुलै १९१२ मध्ये ग्रेबो इथल्या गिरणीसमोर त्या संघटनेच्या सभेवेळी गोळीबार होऊन माणसं मेली. गिरण्यांचा इतिहास लिहिताना हे वगळून चालणार नाही.

मुख्य लोहमार्ग पुरेसा नव्हता. रानात आत शिरायला क्रॉवेल मंडळींनी स्वतःची रेड रिव्हर अँड गल्फ रेल्वे चालवली. तोड पुढे सरकली की तात्पुरते रूळ उखडून पुढे टाकायचे. या रुळांवरचं मॅकगिफर्ट लोडर हे यंत्र बघण्यासारखं आहे. ते आपली चाकं वर उचलून घेतं आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभं राहतं. रिकाम्या वाघिणी त्याच्या पोटाखालून सरकतात आणि ते वरून ओंडके भरत जातं.

जंगलाचा खरा घात मात्र स्किडरने केला. वाफेवरचं हे यंत्र पोलादी दोराने ओंडके फरफटत रुळांपर्यंत आणायचं आणि वाटेतली कोवळी झाडं चिरडली जायची. लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगतच राहतं, मग उंच होऊ लागतं. त्यात मोकाट डुकरं त्याची मुळं उकरून खायची. रान पुन्हा उभं राहणार कसं? रान संपलं की गिरणी बंद आणि गाव ओस, हीच तेव्हाची रीत. १९२० आणि १९३०च्या दशकांत आसपासच्या कितीतरी गिरण्या अशाच गेल्या.

लाँग लीफची गिरणी तगली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींसाठी तिचं लाकूड गेलं. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी ती बंद झाली. यंत्रं भंगारात न विकता जागेवरच राहू दिली, म्हणून पुढे तिथे सदर्न फॉरेस्ट हेरिटेज म्युझियम होऊ शकलं. मॅकगिफर्ट आणि स्किडर आजही तिथे आहेत. राज्यातल्या किसाची राष्ट्रीय वनात, जे १९३० मध्ये स्थापन झालं, आता मुद्दाम आखून वणवे लावले जातात. झुडपं जळून ऊन जमिनीपर्यंत पोचलं तरच लाँगलीफची रोपं वाढतात.