३३७ टन गेले, माती तिथेच आहे

२०२५ च्या जूनअखेरीस भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला कचरा धार जिल्ह्यातल्या पिथमपूरच्या भट्टीत जाळून संपला. त्या दिवशी माझ्या फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: 'चाळीस वर्षांनी भोपाळ साफ झालं.' पाठवणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक होते, दोघं तर केमिकल इंजिनिअर. मी भूजलाचे नमुने घेण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत आणि ही गल्लत इतक्या वेळा पाहिली आहे, की आता एकदा नीट लिहून ठेवतो.

घातक कचऱ्याच्या जागेवर दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे जागा बंद करणं आणि दुसरं म्हणजे जागा शुद्ध करणं. दोन्हीकडे जेसीबी दिसतो, पांढरे सूट घातलेली माणसं दिसतात, प्रदूषण मंडळाची गाडी उभी असते. म्हणून दोन्ही एकच वाटतात.

बंद करणं बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. तळोजा, बुटीबोरी किंवा रांजणगावला घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. तिथल्या लँडफिलमध्ये खाली दाबलेली चिकणमाती आणि एचडीपीईचं जाड प्लास्टिक असतं, त्यावर लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं पाणी, गोळा करणारे पाइप असतात आणि मग कचरा. असा एक कप्पा, म्हणजे सेल, भरला की वरून पुन्हा चिकणमाती, प्लास्टिक, निचऱ्याचा थर, माती आणि गवत. पावसाचं पाणी उतारावरून निघून जावं, आत मुरू नये, एवढाच त्या झाकणाचा हेतू. टाक्या रिकाम्या करणं, पिंपं उचलणं, यंत्रं धुऊन काढणं हेही बंद करण्यातच येतं. त्यानंतर लीचेट उपसत राहायचं आणि आजूबाजूच्या बोअर तपासत राहायच्या, साधारण ३० वर्षं. (उत्पादन थांबणं म्हणजे केंद्र बंद होणं नव्हे, आणि महापालिकेचं डम्पिंग ग्राउंड म्हणजे घातक कचऱ्याचं लँडफिल नव्हे. हे दोन फरक सोपे आहेत, त्यावर वेळ घालवत नाही.)

आता खरी अडचण.

बंद करण्याचं काम ज्या कचऱ्याचा पत्ता माहीत आहे त्याच्याशी असतं. तो पिंपात आहे, पोत्यात आहे, शेडमध्ये आहे, सेलमध्ये आहे. त्याला वजन आहे. तो मोजता येतो, ट्रकवर चढवता येतो, मॅनिफेस्टवर, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावतीवर, लिहिता येतो आणि एका ठराविक तारखेला काम संपलं असं म्हणता येतं. शुद्ध करण्याचं काम मात्र जे आधीच निसटलं आहे त्याच्याशी असतं. ते मातीच्या कणाला चिकटलेलं आहे, खडकाच्या भेगेत उतरलेलं आहे, भूजलाबरोबर कुणाच्या तरी हापशाकडे निघालेलं आहे. त्याला पत्ता नाही. पहिलं काम टनांत मोजतात, दुसरं एका लिटर पाण्यातल्या मायक्रोग्रॅममध्ये. टनांच्या कामाला शेवटचा ट्रक असतो. मायक्रोग्रॅमच्या कामात शेवटचा ट्रक नसतो, फक्त आकड्यांची रांग असते आणि ती खाली येते की नाही हे वर्षानुवर्षं बघायचं असतं.

भोपाळचेच आकडे घ्या. पिथमपूरला गेलेल्या ३३७ टनांत कारखान्याच्या आवारातली माती १६२ टन होती, सेविन हे कीटकनाशक आणि ते बनवायला लागणारं नॅफ्थॉल यांचा अवशेष ९२ टन, अर्धवट तयार झालेली कीटकनाशकं ५४ टन आणि रिअॅक्टरमधला कचरा २९ टन. हा माल २००५ पासून गोळा करून, पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवलेला होता. 'माती' हा शब्द यादीत आला आणि लोकांनी समजून घेतलं की मातीही गेली. पण नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१० साली जो अभ्यास दिला, त्यात शुद्ध करावी लागेल अशी माती किती लिहिली आहे? ११ लाख टन. १६२ टन म्हणजे त्यातला साधारण ७ हजारांत १ भाग. आणि ही झाली फक्त माती, तिच्याखालचं पाणी वेगळंच.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनर पोलीस बंदोबस्तात पिथमपूरला निघाले तेव्हा जे घडलं, ते बंद करण्याच्या कामाचा एक तुकडा होता. महत्त्वाचाच तुकडा होता, मी त्याला कमी लेखत नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवड्यांची मुदत दिली नसती तर ती पोती अजून तिथेच असती. त्याआधी वर्षानुवर्षं हा कचरा कुणालाच नको होता. गुजरातने अंकलेश्वरला नको म्हटलं, आपल्याकडे नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीला कडाडून विरोध झाला, जर्मनीला विमानाने पाठवण्याचा बेतही बारगळला. पिथमपूरच्या लोकांनाही तो नकोच होता आणि त्यांची भीती मला रास्त वाटते. ३३७ टन जाळल्यावर राख आणि अवशेष मिळून ८०० टनांच्या वर भरले, कारण जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो. ती राख पुन्हा लँडफिलचाच प्रश्न. भोपाळचं बंद करण्याचं काम अशा रीतीने धार जिल्ह्यात एक नवं बंद करण्याचं काम उभं करून आलं.

पण भोपाळच्या लोकांच्या पाण्यात जे आहे ते पोत्यांतून आलेलंच नाही. कारखान्याच्या उत्तरेला १९७७ साली सांडपाणी सुकवण्यासाठी तळी बांधली होती, तळाला प्लास्टिक अंथरून. ती गळत होती हे कारखाना चालू असतानाच कंपनीला कळलं होतं, म्हणजे १९८४ च्या वायुगळतीच्याही आधी. ही गळती आणि ती गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ डिसेंबरच्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत गेला, आणि हवेतला वायू जमिनीत चाळीस वर्षं साठून राहत नाही. जमिनीतलं विष त्याआधीच्या आणि नंतरच्या, रोजच्या, शांतपणे झालेल्या सांडण्याचं आहे. पुढे १९९० च्या दशकात तळ्यांतला गाळ एका जागी लोटून वर माती टाकली गेली. वरून बघणाऱ्याला ते साफ केल्यासारखंच दिसलं असणार. पाणी झिरपत राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आसपासच्या वस्त्यांना नळाने स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं आणि त्या वस्त्यांची यादी पुढे वाढत गेली. पोती शेडमध्ये बंद होती, तरी यादी वाढत होती. दोन कामं वेगळी असल्याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

उलट बाजूचं उदाहरणही बघायला हवं, नाहीतर माझं म्हणणं 'सगळं खणून काढा' असं वाटेल. अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळ लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि ती जमीन १ डॉलरला शाळा मंडळाला विकली. त्यावर शाळा आणि घरं झाली. १९७८ साली आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली. २००४ साली ती जागा अमेरिकेच्या सुपरफंड यादीतून, म्हणजे शुद्ध करायच्या घातक जागांच्या सरकारी यादीतून, काढली. तो कचरा कुठे गेला? कुठेच नाही. तिथेच आहे. वर झाकण आहे, भोवती झिरपणारं पाणी अडवून गोळा करणारे चर आहेत, ते पाणी शुद्ध करणारं केंद्र आहे आणि कुंपण आहे. भोपाळात पोती हलली आणि जमीन तशीच राहिली. लव्ह कॅनॉलमध्ये कचरा हलला नाही, पण त्याची बाहेर जाण्याची वाट अडवली आणि ती अडलेली राहते का हे बघायला माणसं नेमली.

माझा स्वतःचा कल पुष्कळदा लव्ह कॅनॉलच्या पद्धतीकडे असतो. लाखो टन माती खणायची म्हणजे धूळ, ट्रकच्या रांगा आणि शेवटी कुठल्या तरी दुसऱ्या गावाची जमीन. पण मग तिला 'बंदिस्त केलेली जागा' म्हणा. 'साफ केलेली' म्हणू नका. साफ म्हटलं की लोक बोअर मारतात, पोरं खेळायला जातात, बिल्डर नकाशा घेऊन येतो. त्याच कारणाने मला 'शास्त्रोक्त विल्हेवाट' हा शब्द नको वाटतो. तो जाळण्याला, पुरण्याला, झाकण्याला आणि पाणी उपसून शुद्ध करण्याला सरसकट लावतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वस्तू नाहीशी झाली.

देखरेख करणाऱ्याचं कामही दोन्हीकडे वेगळं असतं आणि इथेच सरकारी फायली घसरतात. जागा बंद होत असताना तुम्ही प्लास्टिकचे सांधे नीट वितळवून जोडलेत का, उतार बरोबर आहे का, वजनकाट्याच्या पावत्या जुळतात का, हे बघता. शुद्धीकरणात बघायचं असतं ते पाणी, आणि ते एका तपासणीत काहीच सांगत नाही. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, निदान त्याच्या तिप्पट, कारण पाइपात उभं राहिलेलं पाणी खडकातल्या पाण्याबद्दल सांगत नाही. मग ४० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, पाण्याला वर फुगवटा येईपर्यंत. झाकण लावायचं, उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची. एक बुडबुडा दिसला की तो नमुना बाद, क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं त्या बुडबुड्यात निसटतात. मे महिन्यातला आकडा वेगळा येतो, ऑक्टोबरमधला वेगळा. पाणी उपसून शुद्ध करत असाल तर आकडा खाली येतो आणि पंप थांबवला की काही महिन्यांत पुन्हा चढतो, कारण चिकणमातीत दडलेलं द्रव्य हळूहळू पाण्यात परत येत असतं. पंप चालू असतानाच्या आकड्यावर काम पूर्ण झाल्याचा दाखला देणं मला अक्षम्य वाटतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. त्याआधी आपल्याकडे मुख्य आधार होता तो घातक कचऱ्याच्या नियमांचा, आणि ते कचऱ्याच्या मागे जातात, जमिनीच्या नाही. नव्या नियमांत संशयित जागेची नोंद, तपासणी, शुद्धीकरणाचा आराखडा, जबाबदार कोण आणि नंतरची देखरेख असा क्रम आहे. हे मला मनापासून हवं होतं.

एका औद्योगिक वसाहतीत आम्ही बंद झालेल्या एका जागेच्या उताराकडचे दोन पिझोमीटर, म्हणजे भूजल तपासायच्या अरुंद बोअर, बघायला गेलो होतो. फाइलमध्ये काम पूर्ण झाल्याचा शेरा होता, फोटोत झाकणावरचं हिरवंगार गवत होतं. एक पिझोमीटर सापडला. दुसरा नकाशावर होता तिथे नवे पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि त्यावर मोटारसायकली लावल्या होत्या. चौकीदाराला काहीच माहीत नव्हतं. पाण्याचा उतार त्याच बाजूला होता आणि पन्नास पावलांवर चहाच्या टपरीचा हापसा होता. आम्ही चार ब्लॉक उचलायला लावले, तेव्हा खाली गंजलेलं झाकण लागलं. उघडल्यावर नमुना घ्यायच्या आधीच वास आला. संध्याकाळपर्यंत टपरीवाल्याने आमच्या सांगण्यावरून हापशाच्या दांड्याला साखळी बांधली होती आणि तो टँकरसाठी फोन करत होता.