कण्याच्या खालच्या भागातील दोष आणि लघवीवरील ताबा

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली कण्याच्या पोकळीतून फक्त मज्जातंतूंचा झुबका उतरतो. त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या हाडाच्या) दुसऱ्या ते चौथ्या जोडीतले तंतू मूत्राशय आकुंचवतात आणि त्याच्या तोंडाचा स्नायू आवळतात. गुदद्वाराचा ताबाही त्याच जोड्यांकडे असल्याने हे तंतू बिघडलेल्या रुग्णांत बद्धकोष्ठ नेहमी आढळते. तंतू निकामी झाले की मूत्राशय ढिले पडून भरून वाहते, किंवा मूत्राशय आणि स्नायू एकाच वेळी आवळतात. दुसरा प्रकार अधिक घातक. वाढलेल्या दाबाने लघवी उलटी वर चढून मूत्रपिंडे खराब होतात. घरच्यांना मात्र ओल्या कपड्यांचीच काळजी असते.

जन्मजात दोषांत स्पायना बायफिडा, म्हणजे गर्भात कणा नीट न मिटणे, प्रमुख. मज्जानलिका (जिच्यातून मज्जारज्जू घडतो) गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे दिवस गेल्याचे कळण्याच्या सुमारासच. त्यामुळे रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी लागते. उघडा दोष जन्मताच दिसतो. झाकलेल्या दोषाची खूण बहुधा कमरेवर असते : केसांचा पुंजका, मऊ गाठ, लालसर डाग किंवा नितंबांच्या फटीच्या बऱ्याच वर असलेला खळगा. कोल्हापुरात बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या नजरेस ती डॉक्टरांच्याही आधी पडू शकते. पहिल्या काही महिन्यांत मणके पुरते कठीण झालेले नसल्याने सोनोग्राफीतही मज्जारज्जू दिसतो. पुढे एमआरआय लागतो.

मज्जारज्जू खाली चिकटलेला असेल (टेदर्ड कॉर्ड), तर उंची वाढताना तो ताणला जातो. कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा दिवसाही कपडे भिजवते, पाय दुखतो, पाऊल वाकडे पडते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे निव्वळ रात्री अंथरूण ओले करणे ही वेगळी बाब आहे. त्यात कण्याचा दोष क्वचितच असतो. एक्स-रेत शेवटच्या मणक्यात फट दिसली म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. ती अनेक निरोगी माणसांत असते.

मोठेपणी कारण बहुधा दोन मणक्यांमधली सरकलेली चकती. मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) उचलणारा हमाल असो वा तालमीतला पैलवान, कमरेत उसण भरली की चोळून घेण्याची रीत आहे. पण लघवी अडली आणि मांड्यांच्या आतला, बैठकीचा भाग बधिर झाला, तर चोळण्यात वेळ घालवू नये. शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या आत, शक्यतो त्याआधीच व्हावी लागते. कोल्हापूर जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. मज्जानलिकेचे दोष त्याच्या यादीत येतात.

चिकटलेल्या मज्जारज्जूचा ताण सोडवणाऱ्या शस्त्रक्रियेने गेलेला ताबा परत येईलच असे नाही. ताबा परत न आलेल्यांसाठी दर तीन-चार तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हा मुख्य उपाय. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी तो १९७२ मध्ये मांडला. नळी निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ हवी. सोबत ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध मूत्राशयातला दाब उतरवते. मूल हे तंत्र साधारण शाळेच्या वयात शिकते, आणि मग प्रश्न उरतो तो शाळेत कडी लागणाऱ्या, पाणी असलेल्या स्वच्छतागृहाचा.